निळं पातेलं

स्पृहा डब्यांची झाकणं कधी नीट लावायची नाही. भांडी शुभानं घासायची आणि स्पृहानं पुसायची, असा रेगेन्सबर्गच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला करार होता. मशीन होतं, पण मिरजेहून आलेले स्टीलचे डबे मशीनमध्ये घालायचे नाहीत हा शुभाचा कायदा; घरात ज्या एक-दोन कायद्यांना अजून कोणी आव्हान दिलं नव्हतं, त्यातला एक. स्पृहा डबा पुसायची, झाकण पुसायची आणि ते डब्यावर उताणं टाकून मोकळी व्हायची.

“अगं, झाकण आहे की ताटली ती?”

“त्रोकनेट बेसर, मामा.” असं ठेवलं की चांगलं वाळतं म्हणे. जर्मनमधली ‘मामा’ म्हणजे आई.

अकरा वर्षांची पोरगी सगळं जर्मनमध्येच म्हणायची. मराठी कळत नव्हतं असं नाही. शुभा फोनवर आवाज खाली आणून कोणाविषयी काय बोलली ते तिला शब्दन् शब्द कळायचं. उत्तर मात्र जर्मन. दर रविवारी मिरजेहून शुभाची आई, प्रभाआजी, व्हिडिओवर यायची. मोतीबिंदूमुळे तिला पडद्यावर नुसता रंगांचा काला दिसे. “बोल की गं बाळा,” ती म्हणायची. बाळ मान हलवायचं, जी आजीला दिसायची नाही, आणि मध्ये बसलेली शुभा दोन्हीकडचं दोन्हीकडे पोचवायची.

शुभानं सगळं करून पाहिलं होतं. गोष्टीची पुस्तकं, आमिषं, अबोला, म्युनिकचा रविवारचा मराठी वर्ग, ज्यासाठी जाऊन-येऊन चार तास गाडीत बसावं लागे. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिची एकच माफक इच्छा उरली होती: या पोरीनं एकदा तरी आपल्याशी मराठीत भांडावं. गोड बोलायला चार वाक्यं पाठ करता येतात. भांडायला भाषा यावी लागते.

फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी लोन पाइन नावाच्या हौशी काउबॉय-गावात जायचं, हे यशोधननं ठरवलं. शुभाचा नवरा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याच्या विभागातला डीटमार तिथला सभासद. डीटमार आठवड्याचे पाच दिवस मोटारीच्या दारांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचा आणि उरलेले दोन दिवस काउबॉय असायचा. जर्मन माणसाला दुसऱ्याच खंडातल्या धुळीचं एवढं वेड का, हे शुभाला इथल्या बारा वर्षांत उलगडलं नव्हतं. पण सुट्टीत कुठेच न गेलेली पोर घरात पाय आपटत होती, आणि तिथं राहायला लाकडी केबिन मिळणार होती.

“थंडगार झाडी, शांतता, मोबाइल बंद,” यशोधन म्हणाला. “अजून काय पाहिजे?”

“संडास आत आहे का बाहेर, तेवढं विचार.”

बाहेर होता. तरी गेले.

शुभानं बेसनाचे लाडू आणि शंकरपाळे घेतले. स्पृहाला शंकरपाळे एवढे आवडायचे की ते लपवून न्यावे लागत. ते आजीच्या डब्यात भरले. मोठा गोल डबा, बाजूला टिंब टिंब करून नाव घातलेलं: ‘सौ. प्रभा, मिरज’.

*

लोन पाइन हे बायरिश, म्हणजे बव्हेरियाच्या, जंगलात, चेक सरहद्दीच्या थोडं अलीकडे. मोटार एका शेतकऱ्याच्या अंगणात ठेवायची आणि पुढे झाडीतून चाळीस मिनिटं चालायचं. वाट एकच, मातीची, दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं इतकी जवळ-जवळ की मधून माणूस आडवा होऊनच गेला असता. वाटेच्या सुरुवातीलाच, अंगणाजवळ, लाकडी फाटक. फाटकाशी एक पेटी होती, तिच्यात फोन टाकायचे. स्पृहानं आपला फोन टाकताना तोंड असं केलं की जणू किडनी काढून दिली.

चालणं संपलं की गावात एकच रस्ता. पांढरी, पिठासारखी धूळ. दोन्हीकडे फळ्यांची घरं, सलून म्हणजे दारूचा गुत्ता, लोहारशाळा, शेरीफची कचेरी, इवलंसं चर्च. सगळं नेटकं. चाळीसेक माणसं असावीत. टोपी घातलेला शेरीफ एरवी दातांचा डॉक्टर होता, सलूनवाली शाळेत भूगोल शिकवायची. डीटमार चामड्याची पँट घालून आला आणि यशोधनला मिठी मारताना पूर्ण वेळ करकरत राहिला.

“आल्झो,” तो म्हणाला, “स्वागत! ही तुमची केबिन.”

प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर पाच टोकांचा तारा डागलेला होता. एकाच रेघेत, हात न उचलता काढावा तसा. शेरीफचा बिल्ला, शुभाच्या मनात आलं. छान आहे हौस. त्यांच्या केबिनचा उंबरा मात्र कोरा होता, नव्या लाकडाचा.

“आमच्यावर नाही का तारा?”

डीटमारनं उंबऱ्याकडे पाहिलं. “बदललाय नुकताच. राहिलं वाटतं करायचं.” आणि मग पटकन, “पाणी पंपावर आहे.”

रस्त्याच्या टोकाला गुरं-घोड्यांचं कुंपण होतं. पण शुभानं असलं कुंपण कधी पाहिलं नव्हतं. दोन माणसांच्या उंचीच्या फळ्या, एकीला एक चिकटवून उभ्या ठोकलेल्या, बोट जाईल एवढीही फट नाही. आत काय आहे ते दिसायची सोयच नव्हती. फळ्या मध्ये-मध्ये बाहेरच्या बाजूला फुगल्या होत्या.

“घोडे यात ठेवता?” यशोधननं विचारलं.

“घोडे इथं राहत नाहीत.”

“म्हणजे नाहीतच?”

“आणले होते. राहत नाहीत,” डीटमार म्हणाला आणि बिअरचं बघायला गेला.

कुंपणाला लागून कापडी छताची एक जुनी घोडागाडी उभी होती, चाकं मातीत निम्मी रुतलेली. तिच्यातून त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या लख्ख उन्हात एक म्हातारी उतरली आणि सरळ त्यांच्या केबिनपाशी आली. डोक्यावर पुरुषी टोपी, अंगात काळा झगा, हातात निळं पातेलं. पांढरे ठिपके असलेलं एनॅमलचं, झाकणासकट.

“रेझी,” ती म्हणाली. तेवढंच नाव. पातेल्यात घेवड्याची उसळ होती, धुराच्या वासाची. शुभा विरघळलीच. बारा वर्षांत शेजारच्या कोणी तिच्याकडे पातेलं आणलं नव्हतं. जिन्यातल्या सायकलीबद्दल चिठ्ठ्या मात्र नियमित आणल्या होत्या.

रेझीनं पायरीवर बसलेल्या स्पृहाकडे बराच वेळ पाहिलं. मग शुभाला जाड बायरिश उच्चारात विचारलं, “तुला काय कमी आहे?”

विचित्र प्रश्न. पण उसळीची वाफ तोंडावर येत होती आणि शुभा माणसांत बोलायला आसुसलेली होती. स्पृहा पंपाकडे पळाल्यावर ती आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हसत म्हणाली, “काही नाही हो. फक्त ही माझ्या भाषेत माझ्याशी एकदा भांडली, की झालं.”

रेझी हसली नाही. एखादा जिन्नस यादीत लिहून घ्यावा तशी तिनं मान हलवली.

*

भांडं रिकामं परत करायचं नाही, हे शुभाला कोणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कोण शिकवतं? मिरजेच्या आळीत वाट्या, पातेली, डबे या घरातून त्या घरात जायचे आणि काहीतरी घेऊनच परत यायचे. घरात काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर घालायची. रिकामं भांडं दारात आलं म्हणजे समजायचं, त्या घराशी आपलं संपलं.

तेव्हा शनिवारी सकाळी शुभानं निळं पातेलं घासलं, त्यात सहा लाडू ठेवले आणि गाडीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. गाडीत कोणी दिसलं नाही. कुंपणाच्या पलीकडे काहीतरी फळ्यांना अंग घासत होतं.

तासाभरात पातेलं तिच्या केबिनच्या पायरीवर परत आलं होतं. आत दूध होतं, काठोकाठ. कोमट. त्याला बोकडासारखा वास येत होता.

“इथं शेळ्या आहेत का रे?” तिनं यशोधनला विचारलं.

“असतील. ऑरगॅनिक असेल.”

स्पृहानं आयुष्यात कधी धड दूध प्यायलं नव्हतं. ती आली, पातेल्याला तोंड लावलं आणि न थांबता सगळं प्यायली. ओठांवरची पांढरी मिशी पुसली आणि म्हणाली,

“आई, अजून आहे?”

शुभा खांबासारखी ताठ उभी राहिली. तीन शब्द. स्वच्छ. ‘मामा’ नाही, ‘आई’. यशोधननं दाढी करता करता आरशातून बघितलं.

“काय म्हणालीस?”

“निख्ट्स,” स्पृहा गोंधळून म्हणाली. काही नाही. जणू जीभ चावली होती.

शुभानं पाठ फिरवली. डोळे भरून आलेले पोरीला दाखवायची तिची पद्धत नव्हती. तिनं नेहमी करायची तेच केलं: कामाला लागली. पातेलं विसळलं, शंकरपाळ्यांनी भरलं आणि स्पृहाच्या हातात दिलं.

“जा, रेझीओमाला, गाडीतल्या आजीला, देऊन ये. आणि वाटेत खाऊ नकोस.”

“माख इश,” स्पृहा म्हणाली. करते. पातेल्यावर झाकण उताणं टाकून ती धुळीतून निघाली. दोन वेण्या, हिरवी चप्पल. अर्ध्या रस्त्यात तिनं हळूच एक शंकरपाळं तोंडात टाकलं, ते शुभानं पाहिलं आणि सोडून दिलं.

ही वेळ साडेअकराची. पुढे शुभानं ही वेळ पुन्हा पुन्हा मोजली.

*

दहा मिनिटांत ती परत आली. हातात पातेलं होतं, पुन्हा भरलेलं. या वेळी मध होता, काळपट, पोळ्याच्या तुकड्यांसकट. झाकण नीट बसवलेलं होतं.

“अगोबाई! सुलटं लावलंस?”

“मग काय आयुष्यभर उलटंच लावू?” स्पृहा म्हणाली.

मराठीत. शुभा खुर्चीवर बसली.

त्यानंतर पोरगी थांबेचना. रस्ता किती तापलाय, बाबांनी टोपी का घातली नाही, दुपारी काय करणार आहेस, पिठलं करशील? ‘तापलाय’ मधला ‘त’ नीट, ‘पिठलं’ मधला ‘ठ’ नीट. यशोधन हसत सुटला. “बघ, मोबाइल काढून घेतला की काय होतं,” तो म्हणाला. पंधरा मिनिटं त्या केबिनमध्ये दिवाळी होती.

मग शुभाला काही गोष्टी दिसायला लागल्या. आधी तिनं त्या मनातून पुसून टाकल्या.

पंपावर सलूनवालीची मुलगी स्पृहाला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. काल दोघी गळ्यात गळे घालून फिरत होत्या. स्पृहा नुसती हसली, जशी शुभा पहिल्या वर्षी सुपरमार्केटमध्ये हसायची. समोरच्याचं काही न कळल्यावर येतं ते हसू.

हिरव्या चपला स्वच्छ होत्या. पिठासारख्या धुळीत जाऊन-येऊन स्वच्छ.

आणि केबिनच्या दारापासून कुंपणापर्यंत धुळीत ठसे होते. खुरांचे. शेळीच्या खुरापेक्षा मोठे, आणि तीन-तीनचे. शुभा ते बघत शेवटपर्यंत गेली. चौथा पाय कुठेच टेकला नव्हता. ठसे कुंपणाकडून केबिनकडे येत होते. परत जाणारे नव्हते.

ती आत आली आणि सामान भरायला लागली.

“काय झालं?” यशोधननं विचारलं.

“निघू या.”

“अगं, उद्या संध्याकाळी...”

“आत्ता निघू या, यशोधन.”

“मी नाही येणार,” स्पृहा म्हणाली. ती पलंगावर पाय हलवत बसली होती. “तुझं नेहमीचंच आहे. कुठे जरा बरं वाटायला लागलं की तुला निघायची घाई. तुझ्या मनासारखं काही झालं तरी तुला सोसत नाही!”

शुभा बघत राहिली. असं कोणी तिच्याशी आजवर भांडलं नव्हतं. एकही शब्द अडखळला नाही, आणि प्रत्येक शब्द लागला.

“अशी बोलतेस माझ्याशी?”

“तूच म्हणालीस ना,” पोरगी शांतपणे म्हणाली, “की एकदा भांड म्हणून.”

ते शुभा रेझीला बोलली होती. स्पृहा तेव्हा पंपावर होती.

*

दुपारी एक वाजता तिघं फाटकाकडे निघाले. ऊन डोक्यावर. स्पृहा कुरकुरत का होईना मागून येत होती. रस्ता संपला, झाडी लागली, मातीची वाट एका वळणावरून पुढे गेली. वीस मिनिटांनी झाडी विरळ झाली आणि समोर लोहारशाळेचा मागचा दरवाजा आला.

“चुकलो,” यशोधन म्हणाला.

“वाट एकच आहे.”

दुसऱ्या वेळी त्यानं डाव्या हाताची झाडं मोजायला घेतली. इंजिनिअर माणूस, त्याला आकड्यांचा आधार वाटतो. चारशे बारा झाडं मोजली. मग पुन्हा लोहारशाळा आली. त्यानं घाम पुसला आणि पुन्हा चालायला लागला. तिसऱ्या वेळी तो मोजत नव्हता.

तिसऱ्यांदा परत आले तेव्हा लोक सलूनच्या ओसरीवर उभे होते. शेरीफ, सलूनवाली, सगळे. टोप्या हातात. कोणी अभिवादन केलं नाही. एवढी माणसं एकत्र असून चामड्याची करकरसुद्धा नाही.

डीटमार खाली उतरून आला. तो शुभाकडे बघत नव्हता.

“रेझीचं भांडं तुमच्याकडे आहे?”

“आहे. मध...”

“तुम्ही ते रिकामं दिलं होतं ना? काल?”

“रिकामं कसं देणार?” शुभा म्हणाली. “लाडू दिले. मग शंकरपाळे.”

ओसरीवर कोणीतरी श्वास आत ओढला.

“दोनदा,” डीटमार म्हणाला. “माइन गॉट. मी सांगायला हवं होतं. पण हे कोणाला सांगावं लागलंच नाही कधी. आमच्यात भांडं रिकामंच परत देतात.” तो बुटाच्या टोकानं धूळ उकरत राहिला. “ती आणते. नाही म्हणायचं नाही. खायचं, पातेलं गाडीच्या पायरीवर पालथं ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. तुम्ही दिलंत की ती देते. ती दिल्याशिवाय राहत नाही. आणि देणं चालू असेल तोवर वाट बाहेर जात नाही.”

“कोण आहे ही बाई?”

“ती आमच्या आधीपासून आहे.”

“आणि कुंपणात काय आहे?”

त्यानं कुंपणाकडे पाठ फिरवली.

“आता काय करायचं?” यशोधननं विचारलं. त्याचा आवाज शुभाला ओळखू आला नाही.

“रिकामं द्या. मग संपलं. जे ज्याच्याकडे, ते त्याचं.” डीटमारनं पहिल्यांदा मान वर केली. त्याची नजर शुभावरून स्पृहावर गेली आणि लगेच खाली आली. “गेनाऊ, अगदी नीट बघून घ्या. मगच द्या.”

त्याचं शेवटचं वाक्य शुभानं ऐकलं. पण तिच्या कानात फक्त ‘संपलं’ राहिलं.

*

तिनं मध जमिनीत ओतला. पातेलं घासलं. मग सवयीनं हात साखरेच्या पुरचुंडीकडे गेला आणि दोन बोटांत साखर आली. ती साखर तिनं खिडकीबाहेर झटकली. आपण कोणाच्यातरी तोंडावर दार लावतोय, असं तिला वाटलं. का वाटावं, ते कळलं नाही.

“मी येऊ?” यशोधन म्हणाला.

“तू हिला धर.”

रस्ता पांढरा होता. कुंपणापाशी आल्यावर फळ्यांच्या आतून कोणीतरी तिच्याबरोबर चालायला लागलं. दोन पावलं, मग एक. दोन, मग एक. ती थांबली की ते थांबे. फळ्या तिच्या खांद्याच्या बाजूनं किंचित फुगत होत्या, आत जात होत्या.

ती गाडीशी पोचली. पायरीवर पातेलं पालथं ठेवलं.

गाडीत कोणीतरी भांडी पुसत होतं.

कापडावर फिरणारा पत्रा, मग ठेवल्याचा बारीक आवाज. घरचा, ओळखीचा आवाज. शुभाला उलट धीर आला. म्हातारी नीटनेटकी आहे, एवढंच तिच्या मनात आलं. कापडी पडदा हातभर अंतरावर होता. पण मागे बघायचं नाही, आत बघायचं नाही, हे तिनं गाठीला बांधलं होतं.

ती वळली आणि चालत आली.

आवाज थांबला.

वाट चाळीस मिनिटांत फाटकाशी गेली.

*

फाटकाच्या पेटीतून शुभानं तीन फोन काढले. “मला नको तो,” स्पृहा म्हणाली. मोटारीत ती मागच्या सीटवर बडबडत होती. यशोधन मधून मधून हसत उत्तर देत होता, जरा मोठ्यानं. वाटेत एक पेट्रोल पंप लागला तिथं तो उतरला, बराच वेळ मोटारीला टेकून उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, “वाट चुकलो होतो. बाकी काही नाही.” त्याला दिसत नव्हतं की बघायचं नव्हतं, ते शुभानं विचारलं नाही. तिला स्वतःलाही ते विचारायचं नव्हतं.

रविवारी प्रभाआजी व्हिडिओवर आली. स्पृहा वीस मिनिटं बोलली. मिरजेचा उकाडा, आजीचे गुडघे, डोळ्यांचं ऑपरेशन कधी. आजी हुंकार देत गेली. शेवटी स्पृहा पाणी प्यायला उठली, तेव्हा आजी आवाज खाली आणून म्हणाली,

“छान बोलली हो मुलगी. कोणाची ती?”

“आई, अगं...”

“आणि आपली स्पृहा कुठाय?”

सोमवारी शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका फार काळजीनं बोलत होती. स्पृहाच्या कानांना काही झालंय का? आज दिवसभर तिनं एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. हसत होती फक्त. “तिला जणू आपली भाषाच येत नाही,” बाई म्हणाल्या. शुभा म्हणाली, बरं नाहीये तिला. फोन ठेवला. ओट्याशी स्पृहा डबे पुसत होती. एकेक झाकण दाबून, नीट बसवत होती.

डीटमारचं वाक्य शुभाला तेव्हा पूर्ण ऐकू आलं: जे ज्याच्याकडे, ते त्याचं.

बुधवारी सकाळी यशोधन कामाला गेल्यावर ती एकटी निघाली. आजीच्या डब्यात शंकरपाळे काठोकाठ भरले होते. पहाटे उठून तळले होते, हाताला दोन चटके बसले होते. विचार साधा होता. देणं चालू होतं तोवर वाट बंद होती. मग ते पुन्हा चालू करायचं. आपण द्यायचं. भरलेलं भांडं दिलं की भरलेलं येतं. वाट बंद झाली तर होऊ दे. आपण आतल्या बाजूला असू.

लोन पाइनला एक माणूस गवत कापत होता. आठवड्याच्या मधल्या दिवसाची, रिकामी, खोटी घरं. कुंपण होतं तिथं आता कमरेइतकं साधं लाकडी आडं होतं आणि आत कोवळं गवत. घोडागाडी होती. पडद्याला बाहेरून दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर शेवाळ. शुभानं पायरीवर डबा ठेवला.

“स्पृहा,” ती म्हणाली. मग जर्मनमध्ये म्हणाली, “इश बिन्स. मामा.” मीच आहे.

संध्याकाळपर्यंत ती तिथं बसली. गवतवाल्यानं दोनदा येऊन पाहिलं. परतीची वाट पहिल्याच फेरीत फाटकाला लागली. तेव्हा ती रडली.

*

शुक्रवारी सकाळी शुभानं दूध आणायला दार उघडलं, तर पायपुसण्यावर आजीचा डबा होता. ‘सौ. प्रभा, मिरज.’ नाव मिरजेचं, तरी बरोबर तिसऱ्या मजल्यावर, उजव्या हाताच्या दारात.

तिनं तो उचलला. हातांना वजन लागलं नाही. झाकण सरकवून आत बोट फिरवलं. एक कण नव्हता. चिमूटभर साखरसुद्धा नाही. घासलेला होता, कोरड्या फडक्यानं कडेकडेनं पुसलेला होता, आरशासारखा.

मागे स्वयंपाकघरातून चपला वाजत आल्या. दोन पावलं, मग एक.

“आई, काय गं ते?” मुलगी म्हणाली आणि शुभाच्या कोपराजवळून डोकावली. “दे इकडे, मी नीट लावते.”

शुभानं डबा छातीशी धरला.

झाकण उताणं होतं.